करकोच्यांचा विद्यार्थी

दिवाळीच्या आधी गच्ची झाडायला गेलो तेव्हा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक पीस पडलेले दिसले. चांगले वीतभराहून लांब, तपकिरी, टोकाकडे काळपट होत गेलेले. समोरच्या निलगिरीवर घारीचे घरटे आहे, तिचेच ते असणार. नातीने ते उलट्या बाजूने कुरवाळले आणि ते पार विस्कटले. तिचा चेहरा रडवेला झाला. मी पीस घेतले, दोन बोटांच्या चिमटीत धरून देठाकडून टोकाकडे दोनचारदा सरकवले आणि ते पूर्वीसारखे अखंड झाले. तिला ती जादू वाटली. खरे तर पक्षी दिवसातून कितीदा तरी हेच चोचीने करत असतो. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी फाटे असतात, फाट्यांना त्याहून बारीक उपफाटे आणि त्या उपफाट्यांना डोळ्यांना न दिसणारे आकडे. एका फाट्याचे आकडे शेजारच्या फाट्याच्या कडेत अडकतात. आपल्या बॅगेची चेन बसते तसेच जवळपास. चेन सुटली तर पुन्हा लावता येते, फाटलेले कापड मात्र शिवावे लागते.

आणखी एक गोष्ट तिला दाखवली. दांडा पिसाच्या बरोबर मधून जात नाही. त्याची एक बाजू अरुंद असते, दुसरी रुंद. अरुंद बाजू वाऱ्याला सामोरी जाते. पीस सपाटही नसते, त्याला पोटाकडून हलका बाक असतो. टेबलफॅनसमोर देठाशी सैलसर धरले तर ते हातातून वर उठू बघते. ती उठण्याची ओढ बोटांना कळते.

नात खेळायला पळाली. मी पीस घेऊन तसाच बसलो आणि मला एक छायाचित्र आठवले. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात ते पाहिले होते. दाढीवाला एक माणूस, गुडघ्यापर्यंतची विजार, दोन्ही हात वटवाघळाच्या पंखांसारख्या दोन प्रचंड पंखांत अडकवलेले, आणि पाय हवेत लोंबकळताहेत. खाली टेकडीचा उतार. खालच्या ओळीत नाव होते ओटो लिलिएंथाल. पुस्तकात त्याच्या वाट्याला एवढे एक छायाचित्र आणि दोन परिच्छेद आले होते. त्या दोन परिच्छेदांवर माझे समाधान झाले नाही. त्याला एक खाजगी कारणही होते.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजोळी, पडवीच्या कौलांवरून, दोन हातांना दोन सुपे बांधून गवताच्या गंजीवर उडी मारली होती. गंजी हुकली. पाय मुरगळला, आणि आजीला पायापेक्षा सुपांची जास्त काळजी वाटली. पुढे लिलिएंथालचे चरित्र वाचताना कळले, की तोही साधारण त्याच वयात याच उद्योगात होता. फरक इतकाच, की मी त्या दिवसानंतर उडायचे सोडून दिले.

ओटोचा जन्म २३ मे १८४८ रोजी आंकलाम या गावी झाला. बाल्टिक समुद्राजवळचा हा पोमेरेनियाचा सपाट, ओलसर कुरणांचा मुलूख तेव्हा प्रशियात होता. वडील कापडाचे व्यापारी, आई संगीत शिकलेली. आठ मुलांपैकी पाच लहानपणीच गेली. ओटो, वर्षा-दीड वर्षाने धाकटा गुस्ताफ आणि बहीण मारी एवढी राहिली. ओटो तेरा वर्षांचा होण्याच्या सुमारास वडीलही वारले. घर आईने सांभाळले, आणि मुलांच्या वेडगळ खटाटोपांना तिने कधी अडवले नाही असे दिसते. आंकलामच्या कुरणांत उन्हाळ्यात करकोचे उतरत. कोल्हा आणि करकोचा या गोष्टीतला हा पक्षी आपल्याला ठाऊक आहे. हा पांढरा, पंखांच्या कडा काळ्या, चोच आणि पाय लाल. वजन तीन-चार किलो, पण पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन मीटर. हिवाळ्यात हे पक्षी आफ्रिकेत जातात.

दोघे भाऊ गवतातून सरपटत त्यांच्या जवळ जात आणि मग एकदम त्यांना उठवत. त्यात त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. वारा पोरांच्या पाठीमागून वाहत असेल, तर करकोचा घाबरून दूर पळण्याऐवजी त्यांच्याच दिशेने धावत येई आणि वाऱ्याला तोंड देऊन उठे. शत्रू समोर आहे हे दिसत असताना तो तिकडेच का जातो? कारण तिकडून वारा येतो, आणि उठायला वारा समोरून लागतो. आज कुठल्याही विमानतळावर विमान वाऱ्याला तोंड करूनच धावपट्टीवर सोडतात. या पोरांना ते करकोच्याने शिकवले.

१८६२ च्या सुमारास त्यांनी लाकडी पट्ट्यांचे पंख करून हातांना बांधले आणि टेकडीवरून धावत सुटले. हे सगळे रात्री, कारण दिवसा शाळेतली मुले हसली असती. ते उडाले नाहीत हे सांगायला नको. काही वर्षांनी खऱ्या पिसांचे पंख करायचे ठरले. त्यासाठी त्यांनी गावात मिळतील तेवढी हंसांची पिसे विकत घेतली. पोमेरेनियात हंस पाळण्याचा मोठा धंदा, त्यामुळे पिसे किती झाली असतील याची कल्पना करावी. ती फितीवर शिवली. तरीही कोणी उडाले नाही.

इथपर्यंतची गोष्ट जगात पुष्कळांची आहे. मनोऱ्यावरून पंख लावून उडी मारणारे आणि हाडे मोडून घेणारे प्रत्येक शतकात झाले. आपल्याकडचा संपाती सूर्याकडे झेपावून पंख जाळून घेतो, तशी गोष्ट ग्रीकांकडेही आहे. ओटो वेगळा ठरला तो यापुढे. त्याने उडी मारणे थांबवले आणि मोजमाप सुरू केले. पुन्हा उडी मारली तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

पोट्सडॅमची व्यवसायशाळा, बर्लिनच्या यंत्रकारखान्यात उमेदवारी, मग तिथली तांत्रिक अकादमी असे त्याचे रीतसर शिक्षण १८७० पर्यंत झाले. मधल्या काळात, १८६७-६८ मध्ये, भावांनी पायांनी चालवायचे फडफडत्या पंखांचे एक यंत्र केले आणि ते दोराने टांगले. दोर कप्पीवरून नेऊन दुसऱ्या टोकाला वजन लावले. माणूस आणि यंत्र मिळून ऐंशी किलो. दुसऱ्या टोकाला चाळीस किलो ठेवले, तर पंख मारून माणूस स्वतःला वर उचलू शके, उरलेले चाळीस काही केल्या उचलत नसत. ऐंशीतले चाळीस उचलल्यावर एखादा नाचला असता. ओटोने त्यातून एवढेच घेतले, की माणसाच्या स्नायूंत तेवढी ताकद नाही.

ते का, हे ज्यांच्या घरी कोंबडी शिजते त्यांना ताटात पाहता येईल. पक्ष्याच्या छातीच्या हाडाला पुढे होडीच्या तळासारखी उभी कड असते. तिच्या दोन्ही बाजूंना मांसाचे जे मोठे तुकडे असतात ते पंख खाली मारणारे स्नायू. आता, पंख वर उचलणारा स्नायू पाठीवर असावा असे वाटेल. तोही छातीवरच असतो, मोठ्या स्नायूच्या खाली दडलेला. त्याची दोरी खांद्यातल्या एका भोकातून वर जाऊन दंडाच्या हाडाला वरून जोडलेली असते, विहिरीच्या रहाटावरून पोहरा ओढावा तशी. ओढायचे खाली, उठायचे वर. सारे वजन पोटाखाली राहते आणि पक्षी हवेत कलंडत नाही. कबुतराच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा अधिक हे स्नायूच असतात, आणि पुष्कळ हाडे पोकळ, आतून श्वासाच्या पिशव्यांशी जोडलेली. आपली छाती आणि दंड त्यापुढे काहीच नाहीत. इटलीच्या बोरेल्लीचा ग्रंथ १६८० मध्ये निघाला. त्यात त्याने स्नायूंच्या हिशेबावरून हेच सांगून माणसाच्या उडण्यावर फुली मारली होती.

पण करकोचा पंख न मारताही तासन्‌तास हवेत असतो. मग स्नायूंचा प्रश्न येतोच कुठे? ओटोने फडफड बाजूला ठेवली आणि पसरलेल्या, स्थिर पंखाकडे लक्ष वळवले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. त्याला कोणी साक्षी नव्हते आणि त्याचे छायाचित्र नाही.

१८७०-७१ च्या फ्रान्सशी झालेल्या युद्धात तो पॅरिसच्या वेढ्यात सैनिक होता. परत आल्यावर भावांनी एक यंत्र उभे केले. एक उभा खांब, त्याला आडवे लांब हात, हातांच्या टोकांना पत्र्याचे किंवा लाकडाचे तुकडे. वजन खाली सोडले की हे सारे जत्रेतल्या लाकडी घोड्यांच्या चक्रासारखे गोल फिरे. तुकडा वाऱ्याला किती अंश तिरपा आहे, त्याला किती उचल मिळते आणि किती अडथळा होतो, हे वजने लावून मोजायचे. तिरपेपणा बदलायचा आणि पुन्हा मोजायचे. मग तुकडा बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सपाट तुकड्यांनी निराशा केली, किंचित तिरप्या सपाट फळीला उचल फारच थोडी मिळे. १८७४ मध्ये त्यांनी करकोच्याच्या पंखासारखा, वरून हलका फुगीर आणि खालून खोलगट तुकडा लावला. आकडे एकदम पालटले. त्याच तिरपेपणाला उचल कितीतरी जास्त, आणि मुळीच तिरपा नसला तरीही थोडी उचल होतीच. बाकदार पृष्ठभाग हवेला धक्का न देता हळूच खाली वळवतो, आणि खाली ढकललेली हवा पंखाला वर ढकलते. हे आता शाळेच्या पुस्तकात असते. तेव्हा ते दोन भावांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते पंधरा वर्षे छापले नाही. मला आता वाटते, आजीच्या सुपाला बाक होता, तेव्हा मी अगदीच चुकीचे हत्यार निवडले नव्हते.

मधली वर्षे संसाराची. खाणीतल्या कामाचे एक यंत्र त्याने शोधले. १८७८ मध्ये खाणकामगाराच्या मुलीशी, आग्नेस फिशरशी, लग्न झाले, आणि पुढे चार मुले. भावांनी मुलांसाठी दगडी ठोकळ्यांचे एक बांधकाम-खेळणे तयार केले. पैशाच्या अडचणीत त्याचे हक्क हजार मार्कांना विकले आणि घेणाऱ्याने त्याच ठोकळ्यांवर मोठी संपत्ती मिळवली. गुस्ताफ काही वर्षे ऑस्ट्रेलियाला जाऊन आला. ओटोने नळ्यांचा, न फुटणारा लहान बाष्पक काढला आणि १८८३ मध्ये बर्लिनला कारखाना टाकला. १८९० पासून कारखान्याच्या नफ्याचा चौथा हिस्सा तो कामगारांना देई. गरिबांना दहा फेनिगांत नाटक पाहता यावे म्हणून तो एका नाट्यगृहाच्या खटपटीत पडला आणि स्वतः एक नाटकही लिहिले. ही माणसे एका आयुष्यात इतके कसे बसवतात, मला समजत नाही.

घर ग्रोस-लिश्टरफेल्डला होते, आणि बागेत त्याने करकोचे पाळले होते. पिले उडायला शिकताना प्रथम कशी पळतात, वाऱ्याची झुळूक आली की पंख नुसते पसरून कशी उचलली जातात, हे तो टिपत बसे. ओटोमार आन्शुट्झ या छायाचित्रकाराने १८८४ मध्ये उडत्या करकोच्यांची छायाचित्रे काढली होती. त्यांत पंखाचा बाक आणि टोकाची उलगडलेली पिसे स्पष्ट दिसत. १८८९ मध्ये पुस्तक निघाले. उडण्याच्या कलेचा पाया पक्ष्यांचे उड्डाण हा आहे, अशा अर्थाचे त्याचे नाव. त्यात घिरट्या घालणाऱ्या करकोच्यांचे चित्र आहे आणि त्यामागे तक्तेच तक्ते.

उडी १८९१ मध्ये, पोट्सडॅमजवळच्या डेरविट्झ गावी. वेताच्या जातीच्या विलो फांद्यांचा सांगाडा, वर सुती कापड. पहिल्या झेपा पंचवीस मीटरपर्यंतच्या. १८९३ मध्ये रिनोवच्या टेकड्यांवरून अडीचशे मीटर. १८९४ मध्ये लिश्टरफेल्डला स्वखर्चाने पंधरा मीटर उंचीची गोल टेकडीच उभी केली, कारण तिच्यावरून वारा कुठूनही आला तरी त्याला तोंड देता येई. कारखाना सांभाळून हे सगळे चाले, बर्लिनचे लोक पाहायला येत. त्याच साली त्याने एक नमुना ठरवून विकायला काढला. सुमारे तेरा चौरस मीटर पंख, वजन वीस किलो, किंमत पाचशे मार्क, आणि वटवाघळाच्या पंखासारखी घडी होणारा. माणसाने विकत घेतलेले हे पहिले विमान म्हणता येईल. गिऱ्हाइकांत रशियाचे झुकोव्हस्की आणि इंग्लंडचा पिल्चर होता. पाच वर्षांत त्याने दोन हजारांच्या वर झेपा घेतल्या, पण हवेतला सगळा वेळ मिळून पाच तासांच्या आसपासच भरतो.

आता पुन्हा घारीकडे जाऊ. गच्चीवरून पाहावे, ती कठड्यावर उतरायला येते तेव्हा पंख उभे करत वेग कमी करते. पंख असा फार उभा झाला, की वरच्या बाजूने चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकाएकी नाहीशी होते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. घार पडत का नाही? पंखाच्या पुढच्या कडेला, आपला अंगठा असतो त्या जागी, तिला पिसांचा एक छोटा झुबका असतो. उतरताना ती तो उचलते. त्या फटीतून हवेचा झोत पंखाच्या पाठीवर जातो आणि सुटणारी हवा आणखी थोडा वेळ धरून ठेवतो. शिवाय ती शेपटी पसरते आणि दोन पंखांची टोके वेगवेगळी पिळते. चिमणीसुद्धा हे सगळे खिडकीशी रोज करते.

लिलिएंथालच्या यंत्राला करकोच्याचा बाक होता. तो अंगठा नव्हता, आणि पिळता येणारी टोके नव्हती. तोल साधायचा म्हणजे कमरेपासून खालचे शरीर पुढे-मागे, डावी-उजवीकडे फेकायचे. झुळुकीच्या मानाने ते फार सावकाश होते. आधीही तो एकदा जोरात आपटला होता, तेव्हा पुढे बसवलेल्या विलोच्या कमानीने मार झेलला. धोका त्याला कळत नव्हता असे नाही. दोन हजार झेपा घेतलेल्या माणसाला तो इतर कोणाहूनही जास्त कळत असणार. अधिक उड्डाणे केल्याशिवाय तोल कळणार नाही, आणि तोल कळल्याशिवाय उड्डाण सुरक्षित नाही, अशा कैचीत तो होता. याच काळात तो पिसांसारख्या उघड-मीट करणाऱ्या पट्ट्यांची टोके असलेल्या, लहान इंजिनाने फडफडणाऱ्या पंखांवरही काम करत होता. तिथे मात्र करकोच्यांनी त्याला चकवले असे मला वाटते. त्याची भक्ती इतकी होती, की पुढे ढकलण्याचे काम पक्ष्याच्या पंखाऐवजी वेगळ्या पंख्याने करावे हे त्याला पटले नाही.

९ ऑगस्ट १८९६. रविवार होता. श्टोल्न गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर स्वच्छ ऊन पडले होते. मदतीला त्याचा यंत्रकारागीर पाउल बायलिश होता. आधीची झेप नीट झाली. पुढच्या वेळी सुमारे पंधरा मीटर उंचीवर उन्हाने तापलेल्या हवेचा झोत खालून आला, यंत्राचे नाक वर गेले आणि ते हवेत जागच्या जागी थांबले. त्याने पाय पुढे फेकले. यंत्र नाकावर खाली आले. पाठीच्या कण्याला इजा झाली होती. त्याला गावातल्या खानावळीत नेले, दुसऱ्या दिवशी रेल्वेने बर्लिनला. तिथल्या दवाखान्यात १० ऑगस्टला तो गेला. वय अठ्ठेचाळीस. त्याच्या थडग्यावर बलिदानाविषयीचे एक वाक्य कोरलेले आहे आणि ते त्याचे अखेरचे शब्द म्हणून सांगतात. इतका हिशेबी माणूस मरताना असे काही बोलला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पिल्चरही १८९९ मध्ये ग्लायडरवरून पडून मेला. त्याच सुमारास अमेरिकेत ओहायोतले सायकली विकणारे दोन भाऊ, लिलिएंथालच्या मृत्यूची बातमी वाचून, या नादाला लागले होते. राइट बंधूंनी त्याचेच तक्ते घेऊन ग्लायडर बांधले. १९०१ मध्ये त्यांना अपेक्षेपेक्षा बरीच कमी उचल मिळाली, तेव्हा तक्त्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. त्यांनी वारा सोडायची एक लाकडी पेटी केली आणि पंखांचे शेकडो छोटे नमुने तपासले. लिलिएंथालचे आकडे बहुतांशी बरोबर निघाले. चूक होती ती दीडशे वर्षे जुन्या, सगळेच वापरत असलेल्या हवेच्या दाबाच्या एका गुणकात. आणि तोल? त्यासाठी विल्बर राइटने पुन्हा पक्षीच पाहिले. गिधाडे पंखांची टोके पिळून तोल सावरतात हे त्याने हेरले आणि यंत्राचे पंख दोऱ्यांनी पिळता येतील असे केले. १७ डिसेंबर १९०३ ला ते उडाले.

गुस्ताफ त्यानंतर तीस वर्षे जगला. सगळे जग पंख्याच्या विमानांत बसू लागले तरी तो फडफडणाऱ्या पंखांचे यंत्र दुरुस्त करत राहिला, १९३३ मध्ये मरेपर्यंत. थोरल्या भावाचे राहिलेले काम म्हणून की खरोखर पटले होते म्हणून, कोण जाणे. जर्मन अवकाश संस्थेने २०१६ मध्ये ओटोच्या विक्रीच्या नमुन्याची हुबेहूब प्रतिकृती करून मोठ्या वातबोगद्यात तपासली, तेव्हा ते यंत्र चांगले स्थिर आढळले.

बर्लिनच्या टेगेल विमानतळाला १९८८ मध्ये त्याचे नाव दिले होते, तो २०२० मध्ये बंद झाला. श्टोल्नला मात्र वेगळीच गंमत आहे. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी, बर्लिनची भिंत पडायच्या अडीच आठवडे आधी, पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीने आपले एक निवृत्त झालेले चार इंजिनांचे इल्युशिन जेट गोलेनबर्गच्या पायथ्याशी, जेमतेम नऊशे मीटर लांबीच्या गवतावर उतरवले. धुळीचा प्रचंड लोट उठला आणि विमान थांबले. ते तिथेच ठेवले आहे, आणि त्यात आता लग्ने नोंदवतात. विमानाला नाव ओटोचे दिलेले नाही. त्याच्या बायकोचे दिले आहे, लेडी आग्नेस.